तापीच्या पलीकडचे गाव

खानदेशाची खरी राजधानी कोणती, थाळनेर, लळिंग की बऱ्हाणपूर, हा वाद आपल्याकडे इतकी वर्षे चालू आहे की इतिहासाची आवड असलेली चार माणसे एकत्र बसली की तो आपोआप निघतो. थाळनेरच्या बाजूचे लोक सांगतात की फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेर आणि करवंद ही जहागीर दिली, फारुकी घराणे तेथून उभे राहिले आणि त्याची कबरही तेथेच आहे. लळिंगचा पक्ष घेणारे म्हणतात की मलिक राजाने थोरल्या मुलाला, नासिरखानाला, लळिंग दिले आणि पुढची सगळी चढाई त्या डोंगरावरून झाली. बऱ्हाणपूरचा अभिमान बाळगणाऱ्यांना तर दाखला देण्याचीही गरज वाटत नाही, कारण सुलतानांची आणि नंतर मोगल सुभेदारांची गादी प्रत्यक्षात तेथेच होती. अलीकडे या वादाला आणखी एक फाटा फुटला आहे. काहींच्या मते सुलतानांचा इतिहास आपला नव्हेच, तेव्हा ही तिन्ही नावे बाजूला ठेवावीत; काहींच्या मते बऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात आहे, म्हणून त्याचा विचारच करू नये. मला हे सगळेच पक्ष एकाच चुकीवर उभे दिसतात. गावाला इतिहास असण्यासाठी तेथे राजा राहिलेला असावा लागतो, किंवा निदान गाव राजाच्या शेजारी असावे लागते, हे त्या सर्वांनी न बोलता मान्य केले आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. गावाचा इतिहास त्याची काळी म्हणजे शेतजमीन, त्याची पांढरी म्हणजे वस्तीची जागा, त्याचे पाणी आणि त्याच्या वाटा येथून सुरू करावा. राजधानी ही त्या जमिनीवर काही काळ मुक्कामाला आलेली गोष्ट आहे. ती जमिनीवरून समजते, जमीन तिच्यावरून समजत नाही.

हा विषय माझ्या मनात रुतून बसला तो एका पुस्तिकेमुळे. रावेर तालुक्यातल्या एका गावच्या मंडळींनी गावाचा इतिहास छापायचे ठरवले आणि मजकूर पाहण्यासाठी मला बोलावले. गाव सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि तापीच्या मधल्या पट्ट्यात आहे. एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, गावठाणाच्या कडेची पडकी भिंत दाखवली. पावसाने तिचा खालचा भाग उघडा पडला होता आणि त्यात खापऱ्या, राख आणि पांढऱ्या मातीचे थर एकावर एक स्पष्ट दिसत होते. त्यांनी बोटाने एक काळपट रेघ दाखवून सांगितले की ही आगीची असावी, कारण तिच्यावरच्या मातीत कोळसा लागतो. मग त्यांनी शिवारातल्या विहिरींची नावे सांगितली, कोणत्या विहिरीला पूर्वी किती मोटा चालत आणि कोणती कोणत्या वर्षी आटली, हे सगळे तोंडपाठ. पुस्तिकेच्या मसुद्यात यातले एक अक्षर नव्हते. पहिली आठ पाने फारुकी सुलतानांची होती, पुढची चार मोगलांची, आणि गावाच्या वाट्याला शेवटी दीड पान आले होते, त्यात मंदिराच्या जीर्णोद्धाराची वर्गणीदारांची यादी. मी आप्पांच्या विहिरी आधी घ्या म्हणालो, तेव्हा एक तरुण कार्यकर्ता मनापासून म्हणाला, “राजाशिवाय इतिहास कसला, भाऊ?” त्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्याला शाळेपासून तसेच शिकवले गेले आहे, आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

ते उत्तर देण्यासाठी मी मुद्दाम असे गाव घेतो, ज्याचा राजधानीशी संबंध कोणालाच नाकारता येणार नाही. भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसले की सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा मागे पडतात आणि बऱ्हाणपूर येते. शहर तापीच्या उत्तर काठावर आहे. शाही किल्ल्याच्या नदीकडच्या बाजूला उभे राहिले की पलीकडच्या काठावर झाडी आणि शेते दिसतात, तो जैनाबादचा परिसर. नावात ‘जैन’ ऐकून अनेक जण जैन वस्तीशी त्याचा संबंध जोडतात, पण मूळ शब्द ‘झैन’ आहे. नासिरखानाने १४०० च्या सुमारास दोन काठांवर दोन वस्त्या वसवल्या आणि त्यांना खुलताबादला चिरविश्रांती घेणाऱ्या दोन सूफी संतांची नावे दिली, उत्तरेला शेख बुऱ्हाणुद्दीन यांचे आणि दक्षिणेला शेख झैनुद्दीन यांचे.

फारसीत इतिहास लिहिणारा फिरिश्ता या घटनेची कथा सांगतो ती अशी की असीरगड जिंकल्यावर नासिरखानाला भेटायला स्वतः शेख झैनुद्दीन आले, तापीच्या पलीकडे उतरले, त्यांनी जहागीर नाकारली आणि त्याऐवजी गुरूच्या नावाने शहर व आपल्या उतरण्याच्या जागी एक गाव वसवायला सांगितले. कथा सुंदर आहे. तिला अडचण एकच आहे. झैनुद्दीन १३६९ मध्ये वारले होते आणि नासिरखान गादीवर आला १३९९ मध्ये. मग ही कथा टाकून द्यायची का? मला तसे वाटत नाही. तिच्यातले संत आणि राजा काळात बसत नाहीत, पण तिच्यातला भूगोल अगदी बरोबर बसतो. दक्षिणेकडून येणारा माणूस तापीच्या दक्षिण काठावरच उतरणार, आणि नदी ओलांडण्याआधी तेथेच थांबणार. कथा रचणाऱ्याला गावाची जागा पक्की ठाऊक होती. राजाचा आणि संताचा काळ मात्र त्याला सांभाळता आला नाही. आपल्याकडे दंतकथा तपासताना आपण नेमके उलटे करतो, राजाचे नाव खरे धरतो आणि जागेकडे दुर्लक्ष करतो.

ती जागा महत्त्वाची का आहे? सातपुडा नर्मदेच्या आणि तापीच्या खोऱ्यांमध्ये भिंतीसारखा आडवा पडला आहे, आणि या भिंतीतली मोठी सोयीची खिंड असीरगडाखालून जाते. उत्तरेकडून दख्खनला येणारे सैन्य, काफिला, यात्रेकरू या खिंडीतून उतरला की सुमारे वीस किलोमीटरवर तापी लागते. पुढे फर्दापूर-अजिंठ्याच्या घाटाकडे जायचे तर ती ओलांडणे भाग. उन्हाळ्यात तापी पायी पार करता येते. पावसाळ्यात सातपुड्यातून येणाऱ्या नद्यांचे पाणी भरले की ती दिवस दिवस वाट अडवते. अशा नदीच्या दोन्ही काठांवर मुक्कामाची जागा, चारा, धान्य, नावाडी, लोहार लागतात. जैनाबाद हे या गरजेचे नाव आहे. दोन काठ मिळूनच नदी ओलांडण्याचा तो उतार पुरा होतो. त्यातला एक काठ राजाने राहण्यासाठी निवडला आणि आपण दुसऱ्याला ‘राजधानीजवळचे खेडे’ म्हणू लागलो.

पुढे याच गावाच्या हद्दीत आहूखाना, म्हणजे हरणांची शाही बाग, झाला. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल बऱ्हाणपूरला वारली, तेव्हा तिचे शव जैनाबादच्या बागेत ठेवले गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात आग्र्याला नेण्यात आले. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना ज्या हिराबाईवर त्याचा जीव जडल्याचे सांगतात, तिला इतिहास ‘जैनाबादी’ या नावाने ओळखतो. एवढे दोन प्रसंग सांगितले की जैनाबादचा इतिहास संपला असे मानले जाते. एका राणीची सहा महिन्यांची कबर आणि एका राजपुत्राचे प्रेम! दोन्ही प्रसंगांत गाव आहे कोठे? त्याची माती आहे, त्याचे नाव आहे, त्याची माणसे मात्र नाहीत.

आणि १६३१ या सालाकडे जरा थांबून पाहावे. शाहजहान खानजहान लोदी या सरदाराचे बंड मोडण्यासाठी १६३० पासून बऱ्हाणपूरला तळ देऊन बसला होता, आणि नेमक्या त्या वर्षांत गुजरात आणि दख्खनवर भीषण दुष्काळ पडला होता. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून नंदुरबारमार्गे बऱ्हाणपूरला आला. वाटेवर पडलेल्या प्रेतांचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. नंदुरबारला तंबू ठोकायला मोकळी जागा मिळेना, असे तो लिहितो. दरबारी इतिहासकार लाहोरी सांगतो की बादशहाने लंगर उघडले आणि बऱ्हाणपूरला दर सोमवारी ५,००० रुपये वाटायला लावले. हे वाटप झाले असेल, त्याबद्दल मला शंका नाही. पण ज्या तळावर हजारो घोडे, हत्ती आणि सैनिक दीड-दोन वर्षे बसले होते, त्यांची वैरण आणि धान्य कोणत्या शिवारांतून येत होते? राजधानीच्या चहूबाजूंच्या गावांतूनच. त्याच दुष्काळात देहूला तुकाराम महाराजांची पत्नी अन्नावाचून गेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगून ठेवले आहे, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. त्या एका स्त्रीला सांगणारा मिळाला. तापीकाठच्या गावांतल्या स्त्रियांना सांगणारा मिळाला नाही, आणि आपण आजही जैनाबादला जाऊन फक्त राणीची जागा विचारतो.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत, कारण ते हलके नाहीत.

पहिला मुद्दा पुराव्याचा. राजधानीजवळच्या गावांबद्दल आपल्याला जे काही कळते ते राजधानीमुळेच कळते. मुमताजची कबर नसती तर जैनाबादचे नाव मोगल बखरींत इतक्या ठळकपणे आले असते का? मंडी, टॉमस रो, तॅवेर्निये हे प्रवासी बऱ्हाणपूरसाठी आले, म्हणून वाटेतली गावे कागदावर उतरली. हे सत्य आहे आणि मी ते मान्य करतो. पण दिवा ज्याने लावला त्याचेच घर पाहायचे, असा नियम आहे का? अबुल फजलने अकबराच्या कारभारासाठी माहिती गोळा केली आणि खानदेशाबद्दल लिहिले की येथे मुख्य पीक ज्वारीचे, काही ठिकाणी ते वर्षातून तीनदा निघते, आणि तिची धाटे इतकी कोवळी व गोड असतात की लोक ती फळासारखी मानतात. हे वाक्य बादशहासाठी लिहिलेले असले तरी ते आपल्या शेताचे आहे. (हुरड्याच्या दिवसांत ज्याने शेतात धाट सोलून चघळले आहे, त्याला चार शतकांपूर्वीचा तो दरबारी लेखक एकदम ओळखीचा वाटेल.) तॅवेर्निये बऱ्हाणपूरच्या पातळ मलमलीचे वर्णन करतो, ती इराण-तुर्कस्तानपर्यंत जात असे, त्या मलमलीचा कापूस ज्या काळ्या जमिनीत पिकला ती जमीन कोणाच्या शिवारात होती, हा पुढचा प्रश्न विचारायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

शिवाय कागद फक्त दरबारात असतात हा समजही खरा नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी केली ती गावोगावच्या वाड्यांतली, माळ्यावरची, वाळवी लागलेली दप्तरे धुंडाळून. त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले आणि १९२६ च्या शेवटी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. ज्या जिल्ह्यात राजवाड्यांनी देह ठेवला तेथल्या गावांनी ‘आमच्याकडे कागद नाहीत’ असे म्हणावे, याचे मला वाईट वाटते. फेरफाराची पाने, कुळांची नावे, इनामाच्या सनदा, शेतांची आणि नाल्यांची जुनी नावे हे सगळे कागदच आहेत. आप्पांना विहिरी पाठ होत्या. त्यांच्या नंतर त्या कोणाला पाठ असतील?

दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे आणि तो मला बराच काळ अडवून होता. कोणी म्हणेल, जागा तर सर्वांनाच मिळाली होती, नदीला उतार अनेक होते, खिंडी अनेक होत्या. त्यातल्या एकीलाच राजधानी केले ते माणसाच्या निर्णयाने. धुळ्याचेच पाहा. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्जने ठाणे म्हणून धुळे निवडले, नवी पेठ आखली, व्यापाऱ्यांना बोलावले, आणि एक साधे गाव खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. लळिंगला किल्ला होता, डोंगर होता, राजघराण्याचा वारसा होता. तरी आज लळिंग धुळ्याच्या दक्षिणेला महामार्गावरचे एक गाव आहे. मग भूगोलाने काय केले? हा आक्षेप मी पूर्णपणे खोडू शकत नाही, आणि खोडायची मला गरजही वाटत नाही. निर्णय माणसेच घेतात. पण ब्रिग्जने बोट कोठे ठेवले ते पाहावे: पांझरेचे पाणी असलेल्या ठिकाणी, जेथे मुंबईहून आग्र्याकडे जाणारी वाट आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारी वाट एकमेकींना भेटतात. सुलतानाला चढाईसाठी आणि बचावासाठी डोंगर हवा होता, इंग्रज अधिकाऱ्याला वसुलीसाठी आणि दळणवळणासाठी चौक हवा होता. दोघांनीही जमिनीलाच विचारले. प्रश्न वेगळे होते म्हणून उत्तरे वेगळी मिळाली. योगायोग असा की ज्या फिरिश्ताच्या ग्रंथात जैनाबाद वसवल्याची ती कथा आहे, त्याचे इंग्रजी भाषांतर याच जॉन ब्रिग्जने केले.

निर्णय राजधानी करू शकतो, ती टिकवून मात्र ठेवू शकत नाही, हेही त्याच इतिहासात दिसते. औरंगजेबाने दख्खनच्या कारभाराचे केंद्र औरंगाबादला नेले आणि बऱ्हाणपूरचा तोल ढळला. थाळनेरची गादी तर त्याआधीच गेली होती. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेने किल्ला घेतला, शिबंदीतल्या सुमारे तीनशे लोकांची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिली. एवढे होऊनही थाळनेर गाव तापीच्या काठावर नांदते आहे, कारण तापी आहे आणि काळी जमीन आहे. किल्ल्याचा बुरूज ढासळला म्हणून कोणी पेरणी थांबवली नाही.

आपल्या मराठी अभिमानाचा एक प्रसंग येथे घ्यावासा वाटतो, कारण तो तर गावाच्या भूगोलाशिवाय समजतच नाही. १६८१ च्या प्रारंभी छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने, हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली, बऱ्हाणपूरवर झडप घातली. आपण सरसकट ‘बऱ्हाणपूर लुटले’ म्हणतो. मोगल काळातला इतिहासकार खाफीखान याचा वृत्तांत वाचला तर पहिला घाव बहादरपुरावर पडला असे दिसते. हे पुरे तटाबाहेर होते, शहरापासून दीडेक कोसावर, आणि सधन सराफ-सावकारांच्या पेढ्यांनी भरलेले. त्याच्याबरोबर तटाबाहेरचे आणखी सतरा पुरे लुटले गेले. तटाच्या आत असलेला मोगल अधिकारी काकरखान दारे लावून बसला. म्हणजे राजधानीची दौलत राजधानीत नव्हतीच. ती भिंतीच्या बाहेर, पेठा आणि पुऱ्यांत होती, आणि मराठ्यांना ते नेमके ठाऊक होते. मराठे परतताना दख्खनचा मोगल सुभेदार खानजहान बहादूर फर्दापूरच्या घाटाकडे वाट अडवायला गेला, तर मराठे धरणगाव-चोपड्याच्या वाटेने साल्हेरला निसटले. या मोहिमेतले शौर्य ज्याला सांगायचे आहे त्याने पुऱ्यांची रचना, घाटांची दिशा आणि चोपड्याची वाट सांगितलीच पाहिजे. त्याशिवाय तो नुसता जयघोष होतो. आणि बहादरपुरात त्या दिवशी जी सामान्य माणसे होती, त्यांच्या बाजूने विचारले तर राजधानीच्या शेजाराचा अर्थ काय होता? शांततेत बाजारपेठ आणि युद्धात उघडी छाती. महाराजांच्या पराक्रमाला हे विचारल्याने उणेपणा येत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. राजाचे नाव लागले की रस्ता होतो, फलक लागतो, पुरातत्त्व खात्याचे संरक्षण मिळते. विहिरीच्या नावावर कोण निधी देणार? गावकऱ्यांची ही तळमळ मी हसण्यावारी नेणार नाही, कारण अनेक गावांना तेवढाच दरवाजा उघडा असतो. तरीही या हिशोबाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. राजाच्या नावाने फक्त राजाचे दगड वाचतात. अब्दुर्रहीम खानखाना बऱ्हाणपूरचा सुभेदार असताना १६१५ च्या सुमारास शहरासाठी जमिनीखालून पाणी आणण्यात आले, तो कुंडी भंडारा आज सर्वांना दाखवला जातो, आणि तो दाखवण्यासारखा आहेही: सुमारे शंभर कुंड्या एका ओळीत, खाली नैसर्गिक उताराने वाहणारे पाणी. पण ते पाणी निर्माण कोठे होते? सातपुड्याच्या पायथ्याला नद्यांनी आणून टाकलेल्या गोटे-वाळूच्या पट्ट्यात, ज्याला भूशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात. पावसाचे पाणी तेथे मुरते आणि मैदानाकडे झिरपते. हाच पट्टा पश्चिमेला रावेर, यावल, चोपड्यापर्यंत येतो, सुकी आणि भोकर या नद्या त्यातूनच उतरतात, आणि आपल्या केळीच्या बागा त्याच पाण्यावर उभ्या आहेत. शहराने कुंड्या जपल्या आणि पायथ्याच्या शिवारांत पाणी मुरले नाही, तर त्या कुंड्यांत उद्या काय राहील? राजधानीचे स्मारक वाचवायचे असले तरी गावाचा भूगोलच वाचवावा लागतो. ज्यांच्या कूपनलिका दर दोन-चार वर्षांनी आणखी खोल जात आहेत त्या केळी उत्पादकांना हे मी सांगायला नको.

राहता राहिला प्रश्न सुलतानांचा इतिहास आपला मानायचा की नाही. या प्रश्नावर जितका आवाज चढतो तितका विचार होत नाही, असे माझे मत आहे. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतान राजा अलीखानाने कोरवलेला एक लेख आहे. तो अरबीबरोबर संस्कृतातही आहे, त्यात फारुकी वंशावळ आहे आणि विक्रम संवत १६४६, शके १५११ अशी कालगणना आहे. कोणाला त्यात समन्वय दिसेल, कोणाला राज्यकर्त्याचा धोरणीपणा दिसेल. मला त्यात प्रथम हे दिसते की लेख लिहिणारा आणि तिथी काढणारा जोशी-पंडित आसपासच्याच कोणत्या तरी गावातला किंवा पेठेतला असणार. सुलतान गेले, मोगल गेले, शिंदे आले, इंग्रज आले, १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, बऱ्हाणपूर दुसऱ्या राज्यात राहिले. पंचांग पाहून पेरणीचा दिवस धरणारी माणसे मात्र तापीच्या दोन्ही काठांवर तीच आहेत. राज्याची सीमा वाघोड्याच्या पुढे कोठेतरी ओलांडली जाते. सोयरीक, बाजार आणि केळीचा भाव ती सीमा पाळत नाहीत.

राजांच्या काळातही गाव स्वतः काय करीत होते याचे दाखले खानदेशात आहेत, आपण ते नीट वाचत नाही एवढेच. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे तो भास्कराचार्यांमुळे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला देणगी दिली. भाषणांत येथेच पूर्णविराम पडतो. लेख मात्र पुढे जातो, आणि पुढचा भाग मराठीत आहे: बाजारात येणाऱ्या मालावरचे सरकारात जाणारे उत्पन्न मठाला द्यावे, तेलाच्या घाण्यामागे ठरलेले तेल द्यावे. भारतातल्या एका थोर गणितज्ञाच्या विद्येचा दिवा पाटण्याच्या तेल्याने घातलेल्या तेलावर जळत होता, हे त्याच दगडावर कोरलेले आहे. आणि पांझरेकाठची फड पद्धत घ्या. नदीवर ओळीने बंधारे, गावाच्या बागायती जमिनीचे फड, कोणत्या फडात ऊस आणि कोणत्यात दुसरे पीक हे सर्वांनी मिळून ठरवायचे, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचे मोल गावाने द्यायचे. शेकडो वर्षे ही व्यवस्था चालली. पाण्यासारख्या भांडणाच्या गोष्टीवर एवढा दीर्घ समेट घडवणारे गाव इतिहासात बसत नाही, आणि नासिरखानाने डोल्यांतून स्त्रियांऐवजी सैनिक पाठवून असीरगड घेतल्याची कथा, जी रोहतासगडाबद्दलही तशीच सांगतात, ती मात्र बसते, हे मला कोणी समजावून सांगावे.

त्या पुस्तिकेचे काम अजून चालू आहे. गेल्या बैठकीत बराच वेळ वाद झाला. फारुकींची आठ पाने काढायला मी सांगितले नव्हते आणि कोणी काढलीही नाहीत. ती मागे गेली. पुढे काय घ्यायचे यावर एकमत झालेले नाही. तो तरुण कार्यकर्ता आता आप्पांना मोटारसायकलवर मागे बसवून शिवारात हिंडतो आणि विहिरींची नावे वहीत उतरवतो. आतापर्यंत त्याच्याकडे एकतीस नावे झाली आहेत. त्यातल्या एका विहिरीला ‘पल्टणची विहीर’ म्हणतात. कोणती पलटण, कोणाची, कोठून कोठे चालली होती, हे गावात कोणालाच सांगता येत नाही, आणि परवा त्यानेच मला फोन करून विचारले की जुन्या वाटेचा नकाशा कोठे मिळेल.